कातळावरचा उतारा

त्या माळावर लांडग्यांचं राज्य होतं आणि राज्याला एकच कायदा होता: चाव्याला चावा. ज्याला चावा बसला त्याने चावणाऱ्याला त्याच जागी, तेवढाच खोल, परत चावायचं. या परतीच्या चाव्याला ते उतारा म्हणत, कारण चाव्याचं विष परत चावल्यानेच उतरतं अशी त्यांची पक्की समजूत होती. उतारा चोरून व्हायचा नाही. माळाच्या मधोमध एक उंच काळा कातळ होता, त्यावर सगळ्यांदेखत व्हायचा. कळपातला सर्वांत म्हातारा लांडगा जखमेत जीभ घालून खोली बघायचा आणि सांगायचा, अजून जरा, हां, आता बास. मग दोघं एकाच झऱ्यावर शेजारी उभं राहून पाणी प्यायचे आणि विषय मिटला असं सगळे धरून चालायचे.

विषय मिटत नव्हता, हे काय वेगळं सांगायला हवं? धड दोन कानांचा लांडगा त्या कळपात शोधून सापडला नसता. कुणी लंगडा, कुणी एकडोळ्या, कुणाचं शेपूट अर्धं. सगळे मोठ्या ऐटीत फिरायचे आणि याला शिस्त म्हणायचे. पिल्लाला नावसुद्धा त्याने पहिला चावा घेतल्यावर मिळायचं. तोवर ते नुसतं पिल्लू.

कायद्याला एक पुरवणी होती. उतारा होईपर्यंत चावणाऱ्याचं अख्खं घर अडलेलं राहायचं. शिकारीत वाटा नाही, झऱ्यावर पाणी नाही, कुणी शेजारी बसायचं नाही. चावणारा पळून जाऊ नये म्हणून कुणा शहाण्या पूर्वजाने ही तजवीज केली होती. उतारा घ्यायलाच कुणी नाही म्हणेल, हे मात्र त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं?

त्याच माळावर एक जुनी गोष्ट सांगितली जायची, हळू आवाजात, लाजत लाजत. फार पूर्वी लांडग्यांच्या एका टोळीपुढे एक कोकरू आलं. ते पळालं नाही. ओरडलंसुद्धा नाही. लांडग्यांनी त्याला फाडलं, खाल्लं आणि ढेकर देऊन झोपले. तिसऱ्या सकाळी तेच कोकरू त्याच टेकडीवर उभं होतं. गळ्यावरची जखम तशीच उघडी होती आणि ते त्यांच्याकडे बघत होतं. त्या बघण्यात राग नव्हता. टोळीतले बहुतेक शेपूट घालून पळाले, पण थोडे जवळ जाऊन त्याच्या पायाशी बसले. त्या थोड्यांच्या वंशाला कळप कोकरूवाले म्हणायचा. लांडग्याच्या जातीने मेंढराला मानायचं! याहून मोठी नाचक्की कळपाला सुचत नव्हती.

कोकरूवाले उतारा घेत नसत. कुणी चावलं की ते एवढंच म्हणत, "माझ्यापाशी थांबलं," आणि जखम चाटत निघून जात. सुरुवातीला कळपाला याची गंमत वाटली. फुकट चावायला मिळालं तर कोण सोडतो? खोली बघणारा म्हातारा धोंडाआबा याने तर निवाडाच देऊन टाकला की कोकरूवाल्यांचा घेतलेला चावा हा चावाच नव्हे, त्याने कुणी अडत नाही. मग काय विचारता! तरणे लांडगे त्यांच्यावर दात परजू लागले. काही कोकरूवाले जखमा चिघळून मेले. काही माळ सोडून गेले. काहींनी एक दिवस वैतागून परत चावलं आणि गपगुमान कळपात मिसळून गेले. उरली एकटी उन्हाळी. तिचा जोडीदारही गेला होता. "चल माझ्याबरोबर," असं त्याने किती वेळा विनवलं, तर ती म्हणाली, "मग इथला चावा थांबायचा कुणापाशी?" तो वैतागून एकटाच गेला. तिच्यापाशी एक दूधपितं पिल्लू तेवढं राहिलं. त्याला तिने जन्मल्याबरोबर नाव दिलं होतं, तांबू. चावा न घेताच नाव! त्यावरूनही कळप पोट धरून हसला.

कळपात खडक्या नावाचा लांडगा होता. शिकारीत सगळ्यांच्या पुढे धावायचा. अंगाने तगडा आणि तोंडाने फटकळ. त्याने एकदा उन्हाळीचा कान फाडला होता, काही कारण नसताना. तिने नेहमीचे ते दोन शब्द म्हटले आणि मग त्याच्या पायाकडे बघून म्हणाली, "तुझ्या पंजात काटा आहे बघ. पिकलाय." काटा खरंच होता. तेव्हापासून तिला बघितलं की खडक्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुसऱ्या कुणी उलटून चावलं असतं, त्याने चार शिव्या दिल्या असत्या, उतारा झाला असता, तो विसरलाही असता. हिचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. आणि ज्याचं काय करायचं ते कळत नाही, त्याचा राग फार दिवस टिकतो.

एका सकाळी तांबू लुटूलुटू चालत झऱ्यावर गेला. खडक्या तिथे चार तरण्या लांडग्यांबरोबर पाणी पीत होता. पिल्लाने त्याच्या शेपटीशी खेळायला सुरुवात केली. पिल्लं खेळतातच.

"हे बघा, मेंढराचं पोर!" खडक्या म्हणाला. त्याने तांबूला उचललं आणि दुसऱ्याकडे भिरकावलं. दुसऱ्याने तिसऱ्याकडे. सगळे हसत होते. तांबूलाही पहिल्यांदा तो खेळच वाटला. मग तो रडू लागला, आणि उन्हाळी धावत येताना दिसली, आणि तिला येताना पाहून खडक्याने पिल्लाच्या नरड्यात दात रोवले. चुकून नाही. तिच्याकडे बघत बघत रोवले.

ती थांबली नाही. सरळ त्याच्या अंगावर गेली, त्याला उताणा पाडला आणि तिचा जबडा त्याच्या गळ्यावर आला. चौघं तरणे मागे सरकले. कोकरूवालीचे दात इतके लांब असतील असं कुणाला वाटलं नव्हतं. खडक्याला तिचा श्वास लागत होता. तो वाट बघत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटत होतं. आता ही इतरांसारखी झाली. पण ती तशीच थरथरत उभी राहिली आणि मग त्याच्यावरून खाली उतरली. "माझ्यापाशी" एवढं ती म्हणाली. पुढचा शब्द तिच्या तोंडून फुटला नाही. तिने तांबूला उचललं आणि घरी नेलं.

आपल्या बिळात ती त्या गार पडलेल्या पिल्लाला चाटत राहिली. स्तनांत दूध भरून आलं होतं, ते मातीत गळत होतं. तिने कोकराला हाक मारली, ती काही शहाण्यासारखी नाही. "मला त्याचं नरडं हवंय," ती म्हणाली. "ऐकतोयस ना? तुला फाडलं तेव्हा तू गप्प बसलास. तुला पोर नव्हतं." त्या माळावर कोकराने कधी कुणाला मोठ्याने उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही.

इकडे कळपाची पंचाईत झाली. कोकरूवाल्यांचा चावा मोजायचा नाही हे ठीक होतं, पण हा मृत्यू होता. उतारा न झालेलं रक्त मातीत राहिलं तर झरा आटतो, असं सगळे लहानपणापासून ऐकत आले होते. श्रद्धा कोणाची कशावर असेल ते सांगता येत नाही. उन्हाळीच्या दुःखाने कुणाचा डोळा ओला झाला नाही, पण पाण्याच्या काळजीने मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. धोंडाआबाने कळप कातळाभोवती गोळा केला. कायदा स्पष्ट होता. पिल्लाला पिल्लू, नरड्याला नरडं. खडक्याला एकच पिल्लू होतं, अजून बिननावाचं.

खडक्याची जोडीदारीण काजळी, तिने ते पिल्लू स्वतः तोंडात धरून आणलं आणि कातळावर ठेवलं. कायदाच तसा होता. मग ती खाली उतरली. खडक्या मान ताठ ठेवून उभा राहिला. त्याच्याकडे बघून कुणाला वाटलं असतं की हा आपल्या पोराच्या बारशाला आलाय.

"ये उन्हाळे," धोंडाआबा म्हणाला. "घे तुझा उतारा. खोली मी बघतो."

उन्हाळी कातळावर चढली. पिल्लू तिच्याकडे आलं आणि तिच्या पायाला नाक घासू लागलं. त्याला दुधाचा वास येत होता. तिच्या ओठांवरचं कातडं मागे सरलं, सगळ्यांना तिचे दात दिसले. मग ती म्हणाली, "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही घेणार, आबा."

जो गलका झाला तो विचारू नका. "आमचा झरा आटवायला निघाली!" "आमच्यापेक्षा शहाणी समजते स्वतःला!" पण सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता खडक्या. "घे म्हणतोय ना! माझ्यावर उपकार करतेस? ए मेंढरे, माझ्यावर उपकार करतेस तू?" त्याच्या तोंडाला फेस आला होता. त्याचं पोर वाचत होतं, आणि त्याला तेच सहन होत नव्हतं. त्याने केलेलं त्याच्याच अंगावर राहणार होतं, जन्मभर, आणि ते उतरवू शकणारी एकटी ती होती.

धोंडाआबाने थोडा विचार केला. तो दुष्ट नव्हता. त्याला फक्त सगळं मापात लागायचं. "ठीक," तो म्हणाला. "पिल्लू आता तुझ्या दातांचं आहे, ते कातळावरून तुझ्या तोंडानेच हलेल. तोवर कुणी त्याला दूध द्यायचं नाही, पाणी द्यायचं नाही, आईबापांनीही नाही. बघू तुझी दया किती दिवस टिकते. ते उन्हाने मेलं तर तो उतारा धरला जाणार नाही. मग काजळीचं पुढच्या वेताचं पिल्लू आणू, त्याच्या पुढचं आणू."

एवढं बोलून तो सावलीत जाऊन बसला. उन्हाळी पिल्लाला वरच सोडून खाली उतरली आणि चढाच्या पायथ्याशी बसली. कळपही सगळीकडून कातळाला वेढा घालून बसला. बघायला.

ऊन चढलं. कातळ तापला. पिल्लू आधी मोठ्याने रडलं, मग बारीक आवाजात, मग ते तोंड उघडायचं पण आवाज यायचा नाही. दुसऱ्या दिवशी काजळी सरपटत सरपटत उन्हाळीपाशी आली. तिने आपली मान जमिनीला टेकवली.

"उन्हाळे, तुझ्या पाया पडते. चाव गं त्याला. एकदाच, पटकन. तुझे दात मोठे आहेत, त्याला कळायचंही नाही. असं तडफडून मारू नकोस माझ्या लेकराला."

"मी नाही मारत," उन्हाळी म्हणाली.

"मग कोण मारतंय? तूच मारतेस. तुझं ते कोकरू मारतंय." काजळी रडत होती. "आम्ही वाईट आहोत ना? मग चाव की आम्हाला! तुझी चांगली वागणूक आमच्या पोरांच्या जिवावर का उठते?"

उन्हाळीने खाली बघत सांगितलं, "तुला वाटतं मला चावायचं नाही? मला त्याच्याजवळ जायची भीती वाटते काजळे. मी त्याला तोंडात धरलं आणि मला तांबू आठवला, तर माझा जबडा माझं ऐकणार नाही."

काजळीने तिच्याकडे पाहिलं. तिला जे समजायचं होतं तेवढंच समजलं. "मग आठव," ती म्हणाली. "तांबूला आठव, आणि ये."

दुपारी पिल्लाने एकदा मान उचलली आणि त्याच्या तोंडून एक किंकाळी निघाली, अगदी बारीक. उन्हाळीच्या स्तनांतून दूध वाहू लागलं. ते तिच्या हातात नव्हतं. ती उठली, आणि तिच्याबरोबर कळप उठला.

कातळावर जायला एका बाजूने अरुंद चढ होता. बाकी तिन्ही बाजूंनी तुटलेला कडा आणि खाली धारदार दगड. ती वर गेली. वर जाऊन तिने काय विचार केला ते कुणी सांगू शकत नाही, पण कायदा तिला पाठ होता. पिल्लू तिच्या दातांचं होतं. ते कातळावरून तिच्या तोंडाने हलवायचं होतं. हलवून पुढे काय करायचं, ते कायद्यात कुठेच नव्हतं. खाली बाभळीची सावली होती.

तिने जबडा उघडला आणि पिल्लाची मान तोंडात घेतली.

आपापलं पिल्लू असं उचलून नेणाऱ्या आया त्या कळपाने रोज पाहिल्या होत्या. वैऱ्याचं पिल्लू असं उचललेलं कुणीच कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे सगळ्यांना एकच दिसलं: दात आणि मान. "घेतला!" कुणीतरी ओरडलं. "उतारा घेतला! कोकरूवालीने उतारा घेतला!" सगळा माळ आनंदाने आरोळ्या ठोकू लागला. म्हातारे एकमेकांची तोंडं चाटू लागले. झरा वाचला होता, आणि त्याहून गोड म्हणजे शेवटची कोकरूवाली चावली होती. धोंडाआबा खोली बघायला उठला.

तिच्या दाताखाली ती मऊ मान होती, तिच्यातली नाडी उडत होती. तिला तांबू आठवला. काजळीने सांगितलं तसाच आठवला, आणि तिचा जबडा थरथरायला लागला. ती तशीच एक एक पाऊल टाकत चढ उतरू लागली.

खडक्याने दोन दिवस "घे, घे" म्हणून घसा फोडला होता. आता तिच्या जबड्यात लोंबणारं आपलं पोर त्याने पाहिलं आणि कायदा, कळप, उतारा, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. तो अडवणाऱ्यांना उडवून लावत वर धावला आणि त्या अरुंद चढावर त्याने तिची कूस फाडली.

ती परत फिरून चावू शकली असती. पण त्यासाठी तोंड उघडायला हवं होतं आणि तोंड उघडलं असतं तर पिल्लू खालच्या दगडांवर गेलं असतं. ओरडायलाही तोंड मोकळं नव्हतं. त्याने दुसऱ्यांदा चावा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. मरणाऱ्याचे दात आपसूक आवळले जातात, हे लांडग्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने ते आवळू दिले नाहीत, सैलही सोडले नाहीत. गुडघे टेकले, मग पोट टेकलं, आणि तशीच सरपटत ती चढाच्या पायथ्याशी सावलीत पोचली. तिथे तिने पिल्लाला अलगद खाली ठेवलं. मग ती कुशीवर पडली आणि मेली. तोंड उघडंच राहिलं.

आरोळ्या अजून चालू होत्या. खडक्याने पिल्लाला नाकाने उलथंपालथं केलं. मान हुंगली. मानेवरचे केस ओले होते, थुंकीने. त्याने जीभ लावून बघितलं. रक्ताची चव नव्हती. "दाताची खूण कुठे आहे?" त्याने विचारलं. धोंडाआबा आला. त्याने आयुष्यभराच्या सवयीने जीभ घातली, एकदा, दोनदा, मानेच्या सगळ्या बाजूंनी, आणि मागे सरला. ते बघून जवळचे गप्प झाले, मग लांबचे. काजळी पुढे आली आणि मध्येच थांबली, कारण पिल्लू हललं होतं.

ते धडपडत सरकलं, उन्हाळीच्या पोटापाशी गेलं, आणि त्याने तिचा स्तन तोंडात धरला. दूध अजून गरम होतं. फाटलेल्या कुशीतून रक्त वाहून त्याच दुधात मिसळत होतं. पिल्लू दोन्ही पीत होतं, तोंड लाल आणि पांढरं करून, मचमच आवाज करत.

खडक्या ते बघत उभा राहिला. मग तो तिच्या तोंडाशी जाऊन आडवा झाला. त्याने आपला गळा तिच्या उघड्या जबड्यात ठेवला, वरचे दात वर, खालचे दात खाली, आणि डोळे मिटले. "घे," तो म्हणाला. कळप बघत होता. तो फार वेळ तसाच पडून होता आणि जबडा मिटत नव्हता.